'धूळ गोल नसते म्हणून सॅटेलाइट खोटं', त्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: शास्त्रज्ञ धुळीचा कण गोल धरून गणित करतात, खरा कण वेडावाकडा असतो, म्हणून सॅटेलाइटचे धुळीचे आकडे आणि मोबाईलवरचा एक्यूआय (हवा किती खराब आहे त्याचा आकडा) सगळं बोगस. असला जड कण वाळवंटातून इथवर येऊच शकत नाही, म्हणजे हवेतला धुरकटपणा विमानातून फवारलेला. आणि धूळ नाकातच अडकते, मास्क हा कंपन्यांचा धंदा.

मी सोडून दिलं असतं. पण निफाडच्या आमच्या मामांना जुना दमा आहे, त्यांनी हे वाचून मास्क खुंटीला टांगला आणि दिवसभर बागेत ट्रॅक्टरच्या मागे तसेच फिरले, रात्री दम्याचा पंप मारूनही धाप थांबेना म्हणून मामीचा रडत फोन. त्यामुळे आता एकेक मुद्दा घेतोच.

आधी एक्यूआय, कारण मामांना तेच भोवलं. सरकारी ऑटोमॅटिक स्टेशनवर कण गोल आहे का चपटा हा प्रश्नच येत नाही. मशीन हवा आत ओढतं, धूळ एका पट्टीवर बसते, त्या थरातून बीटा किरण किती अडले ते बघून वजन काढतात. वजन! आकार कसाही असू दे, वजन तेवढंच. आपल्याकडे 24 तासांची मर्यादा पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतचे कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) साठी घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅम आणि पीएम 2.5 (अडीच मायक्रॉनपर्यंतचे) साठी 60, तीही वजनातच. हां, घरी ठेवायची स्वस्त लेझरवाली मीटरं मिळतात ती कण गोल समजून हिशोब करतात आणि जाड धूळ त्यांना नीट दिसत नाही, पण धुळीच्या बाबतीत ती चूक आकडा कमी दाखवण्याची आहे, वाढवून सांगण्याची नाही.

नाकात अडकते म्हणे. मोठे कण अडकतात, खरंय. 10 मायक्रॉनच्या आतले श्वासनलिकेत उतरतात आणि अडीचच्या आतले पार फुफ्फुसाच्या तळाशी जातात. दम्याच्या माणसाला मास्क काढ म्हणून सांगणारा मेसेज लिहिणाऱ्याने कधी कुणाला धाप लागताना पाहिलेलं नसणार.

आता त्यांचा हुकमी एक्का, 'शास्त्रज्ञांना आकारच माहीत नाही'. गोल कणावर उजेड कसा विखुरतो याचं गणित गुस्ताव मी यांनी 1908 साली मांडलं आणि ते सोपं पडतं म्हणून पुढे सगळीकडे वापरलं गेलं, इथपर्यंत ठीक. पण धुळीला ते लागू पडत नाही हे शास्त्रज्ञांनीच मोजून दाखवलंय! तितक्याच आकारमानाच्या गोल कणापेक्षा वेडावाकडा कण बाजूला जास्त उजेड फेकतो आणि सरळ मागे कमी, त्यामुळे सॅटेलाइट कुठल्या कोनातून बघतोय त्यावर चूक बदलते. म्हणून 2006 मध्ये दुबोविक आणि सहकाऱ्यांनी लांबट-चपट्या कणांचं गणित तयार करून दिलं, आणि जमिनीवरून सूर्य बघणाऱ्या एरोनेट या यंत्रांच्या जाळ्यात ते वापरलं जातं. कानपूरला असं यंत्र 2001 पासून आहे, पुण्यालाही आहे. आणि ही यंत्रं थेट सूर्याकडे बघून किती उजेड वाटेत अडला एवढंच आधी मोजतात, त्या मोजणीला कणाचा आकार धरावाच लागत नाही. सॅटेलाइटचे आकडे याच मोजणीशी ताडून बघतात. मग बोगस कसे?

याच्याही पुढची गोष्ट. कॅलिप्सो नावाचा सॅटेलाइट 2006 ते 2023 वरून खाली हिरवा लेझर मारत होता. त्या लेझरची लाट एकाच दिशेत कंप पावते. धुक्याच्या गोल थेंबावर आपटून परत आली तर दिशा जवळपास तीच राहते, धुळीच्या टोकदार कणावर आपटली तर दिशा पिरगळते. वाळवंटी धुळीच्या दाट थरात परत येणाऱ्या उजेडात आडव्या दिशेचा उजेड मूळ दिशेच्या साधारण तीस टक्के भरतो. म्हणजे कण गोल नाही यावरूनच तर सॅटेलाइट ओळखतो की हे धुकं नाही, धूळ आहे! फॉरवर्डवाला ज्याला पुरावा म्हणून नाचवतोय तोच त्याच्या विरोधात जातो.

'जड कण लांब येत नाही' हे तर पूर्ण उलटं. संक्रांतीला येवल्यात कटलेला पतंग बघा, तरंगत तरंगत चार गल्ल्या पलीकडे पडतो, त्याच कागदाचा बोळा करून टाका, पायाशी पडेल. चपट्या कणाला हवेचा अडथळा जास्त. तसंही 10 मायक्रॉनचा गोल क्वार्ट्झचा (गारगोटीचा) कणसुद्धा शांत हवेत सेकंदाला एक सेंटिमीटरपेक्षा कमी उतरतो, तीन किलोमीटरवरून खाली यायला चार दिवस. तेवढ्यात वारा त्याला कुठल्या कुठे नेतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानकडून उठलेली धूळ अरबी समुद्रावरून मुंबई-पुण्यापर्यंत आलीच होती. नाशिकची रोजची धूळ मात्र बरीचशी आपलीच, रस्ते, बांधकामं, शेतं, ते मी नाकारत नाही.

विमानाचं पटकन संपवतो. महाराष्ट्र तीन लाख चौरस किलोमीटर. दाट धुरकट हवेत चौरस मीटरच्या डोक्यावर एक ग्रॅम धूळ धरली तरी तीन लाख टन होते. शंभर टनी मालवाहू विमानाच्या तीन हजार फेऱ्या, आणि ओझरच्या विमानतळाजवळ कुणाला आवाजही नाही? विमानामागे पांढऱ्या रेघा दिसतात त्या गोठलेल्या वाफेच्या.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. हवामानाच्या बऱ्याच मॉडेलांत (कॉम्प्युटरवरच्या हिशोबांत) धूळ अजूनही गोलच धरलेली असते, आणि जिथे लांबट धरतात तिथेही पुरेशी नाही. हुआंग, कोक वगैरे शास्त्रज्ञांच्या 2020 च्या पेपरमध्ये हेच दाखवलंय: कणाची लांबी त्याच्या उंचीच्या सरासरी पाचपट निघते, आणि त्या आकारामुळे कण खाली बसायला साधारण 20 टक्के जास्त वेळ घेतो. म्हणजे मॉडेलातली जाड धूळ खऱ्या धुळीपेक्षा लवकर खाली बसते. मॉडेल चुकत असेल तर हवेत धूळ कमी दाखवून चुकतंय, आणि फॉरवर्डवाला त्यावरून सांगतोय की धूळ नाहीच.