कोलियसच्या बियांबद्दल तुम्ही दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, की सावलीतल्या गॅलरीसाठी रंगीत पानांचं कोलियस म्हणून बी नेलं, तीन आठवडे झाले तरी थोडीच रोपं उगवली, तीही हिरवीच, नर्सरीवाले फोन उचलत नाहीत, ही फसवणूक आहे. फोन उचलला गेला नाही, ही आमची चूक. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘फसवणूक’ हा शब्द फार लागला. पुण्यात 19 वर्षं नर्सरी चालवतोय, हा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता.

तुम्ही तीन आठवडे मोजलेत ते पेरल्या दिवसापासून. कोलियसला रुजायला 21 ते 24 अंश ऊब लागते, तरीही 10-14 दिवस जातात. तुम्ही पेरलंत ऐन जानेवारीत. म्हणजे तुमचं रोप जेमतेम आठवड्याचं आहे हो! पहिली दोन गोल पानं हिरवीच असतात. रंग त्यानंतरच्या दातेरी पानांत उतरतो, आणि नीट भरायला आणखी काही आठवडे लागतात. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. डावीकडच्या कुंडीत दातेरी पानांची जोडी डोकावतेय, तिच्या देठाशी खसखशीएवढा तांबूस ठिपका आहे. तोच रंग.

थोडीच उगवली म्हणता, तर बी मातीखाली दाबलं गेलं असावं. हे बी भुकटीसारखं बारीक, त्याला रुजायला उजेड लागतो. ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही. माझ्या बायकोने पाकीट देताना हे सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होता. राग मानू नका, पण आता लिहिलंच पाहिजे.

बियांपासून सहसा प्रत्येक रोपाचा रंग वेगळा निघतो. कुणी मरून, कुणी पोपटी कडेचं. एकच ठरावीक रंग हवा असेल तर फांदी लावावी लागते, ती पाण्यातही मुळं धरते. आणि सावली म्हणजे अंधारी जागा नव्हे, तिथे रंग फिका पडतो. सकाळचं तासभर कोवळं ऊन मिळू द्या.

पाकिटावर मराठीत सूचना छापायचं मनात आहे, फोनचंही काहीतरी करतो. तोवर कृपा करून रोपं उपटू नका. चार-सहा पानं झाली की कुंड्या घेऊन या, शेंडे कसे खुडायचे ते मी स्वतः दाखवतो.