जुन्या संगीताचं लेबल काढू इच्छिणाऱ्यास

पैसे किती लागतील, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायचा नाही. ज्याला तो सुचतो तो या धंद्यात येत नाही, आणि जो येतो त्याला उत्तर कळूनही फरक पडत नाही. तुम्हाला अर्ली म्युझिकचं, म्हणजे मध्ययुगापासून साधारण १७५०पर्यंतच्या युरोपीय संगीताचं, स्वतःचं छोटंसं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढायचंय ना? मग आधी ड्रायव्हिंग लायसन्स काढा. चेष्टा नाही. टेड पेरी यांनी १९८०मध्ये हायपेरियन काढलं, तेव्हा लेबल चालावं म्हणून ते स्वतः टॅक्सी चालवत. पुढे बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड नावाच्या ननच्या रचनांचा ‘गॉथिक व्हॉइसेस’ या गायकवृंदाने केलेला अल्बम लाखाच्या वर खपला आणि लेबल तरलं. ही गोष्ट या धंद्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो. आपली हिल्डेगार्ड अजून सापडायची आहे, एवढंच त्याला सुचवायचं असतं.

हिल्डेगार्ड नाही सापडली तर भिक्षू शोधा. १९९४मध्ये स्पेनमधल्या सिलोसच्या मठातल्या भिक्षूंचं ग्रेगोरियन गायन, म्हणजे लॅटिन प्रार्थनांचं जुनं एकसुरी गायन, अमेरिकेच्या अल्बमच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. रेकॉर्डिंग कितीतरी वर्षांपूर्वीची होती, मोठ्या कंपनीने ती नव्या वेष्टनात बाजारात आणली. नव्या वेष्टनाची कल्पना सुचणं फुकट असतं. कंपनी मोठी असणं तेवढं तुम्हाला जमवावं लागेल.

आता काय ध्वनिमुद्रित करायचं ते ठरवा. विवाल्डीचे ते चार ऋतू नकोत, ते सगळ्यांनी केलेत. तुम्हाला हवा असा संगीतकार, ज्याचं नाव उच्चारताना निवेदकाची बोबडी वळेल. त्याच्या रचना कुठल्याशा ग्रंथालयात तीनशे वर्षं पडून असाव्यात, आणि चार आवाजांच्या चार वेगवेगळ्या वह्यांपैकी एक गहाळ असावी. गहाळ आवाज कुणीतरी अभ्यासक ‘पुनर्रचित’ करून देतो. मग कव्हरवर छापायचं, ‘जगात प्रथमच ध्वनिमुद्रित’. तीनशे वर्षांत हे कुणालाच का करावंसं वाटलं नाही, हा प्रश्न पहिली सीडी संपेपर्यंत श्रोत्याला पडत नाही. नशीब असेल तर अधूनमधून खरंच रत्न निघतं, आणि त्या एका रत्नाच्या आशेवर पुढची नऊ संगीतकार मंडळी खपून जातात. म्हणजे खपत नाहीत, हे वेगळं.

संशोधनावर मात्र अढळ श्रद्धा हवी, फक्त ते कॅल्क्युलेटर हातात घेऊन वाचायचं. १९८१मध्ये जोशुआ रिफ्किन यांनी मांडलं की बाखच्या समूहगायनात प्रत्येक आवाजाच्या ओळीला बहुधा एकेकच गायक असे. यावर विद्वान कित्येक वर्षं भांडले. तुम्ही भांडू नका, लगेच पटवून घ्या. वीस-पंचवीस जणांचं मानधन, प्रवास आणि मुक्काम एका शोधनिबंधात वाचतो, असं दुसऱ्या कुठल्या विद्याशाखेत होत नाही. सोळाव्या शतकातल्या टॅलिस या इंग्रज संगीतकाराची ४० स्वतंत्र आवाजांची रचना मात्र कितीही आवडत असली तरी तिच्या वाटेला जायचं नाही. तिथे एकाही गायकाला घरी पाठवता येत नाही.

पट्टीचं ठरवून टाका. ४१५ हर्ट्झ म्हणा, मान डोलवा. ही आजच्या ४४०पेक्षा अर्ध्या स्वराने खाली. त्या काळी पट्टी गावागणिक बदलायची आणि एकाच गावात चर्चची एक, दरबाराची दुसरी असायची. ४१५ हा खरं तर विसाव्या शतकात झालेला तह आहे. हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या पट्ट्यांचा संच एक घर सरकवला की काम भागतं, ही त्यामागची मोठी सोय. पण हे कव्हरवर छापायचं नाही. फ्रेंच संगीत असेल तर ३९२ म्हणा, समीक्षक एक तारा जास्त देईल.

ध्वनिमुद्रण चर्चमध्येच. स्टुडिओत ती घुमणूक नाही, आणि चर्च जगापासून दूर असतं अशी तुमची समजूत आहे. पहिल्या रात्री ती फिटेल. आधी हीटर बंद करावा लागतो, कारण तो गुणगुणतो. मग फ्रिज बंद करायचा. तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं, फक्त मायक्रोफोनला माहीत असतं. सापडतो तेव्हा तो सभागृहापलीकडच्या स्वयंपाकघरात, कुलपाच्या आत. मग वटवाघळं, बाकांची करकर, विमानं. सोप्रानोचा, म्हणजे उंच पट्टीत गाणारीचा, तो लांब, विरत जाणारा सूर नेमका संपत येतो आणि बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करतं. इंजिनियर हेडफोनमधून अत्यंत प्रेमाने म्हणतो, “अप्रतिम. अजून एकदा घेऊ या.” अप्रतिम म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं.

हीटर बंद म्हणजे थंडी, आणि थंडीत लोकांनी श्वास सोडला की दमटपणा. वाद्यांना मेंढीच्या आतड्याच्या तारा, म्हणजे तात. तिला हवेतला फरक तुमच्याआधी कळतो. टेक संपला की जुळवणं, जुळवून झालं की टेक, तेवढ्यात पुन्हा उतरलेली असते. अठराव्या शतकातच मॅथेसन हा जर्मन संगीतकार लिहून गेला की ल्यूट या तंतुवाद्याच्या ऐंशी वर्षांच्या वादकाने त्यातली साठ वर्षं तारा जुळवण्यात घालवलेली असतात. मॅथेसनला चर्चचं तासाचं भाडं भरायचं नव्हतं, म्हणून त्याला हे विनोदी वाटलं.

शेवटी सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या चर्चची शांतता ध्वनिमुद्रित करायची. संपादनात जोड लपवायला ती लागते. पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये बिनचूक निघालेला हा बहुधा एकमेव टेक. मग निर्माता पेन्सिलच्या खुणांनी काळी झालेली स्वरलिपी घेऊन बसतो. या टेकमधला अर्धा ठोका, त्या टेकमधला पुढचा दीड, असे शेकडो तुकडे जोडले जातात. परीक्षण येतं त्यात ‘प्रत्यक्ष मैफलीची उत्स्फूर्तता’ असा उल्लेख असतो. तो कापून भिंतीवर लावा.

पुस्तिकेत काटकसर नको. तुमचा गिऱ्हाईक संगीत कुठेही ऐकू शकतो, तो सीडी घेतो ती पुस्तिकेसाठी. लॅटिन संहिता, तीन भाषांत अनुवाद, आणि एका अभ्यासकाचा लेख, जो मागितलेल्या शब्दमर्यादेच्या तिप्पट आणि छपाईच्या आदल्या दिवशी येतो. कव्हरला कवटी, विझलेली मेणबत्ती आणि तार तुटलेलं ल्यूट असलेलं एखादं जुनं तैलचित्र. चित्रकार जाऊन चार शतकं झाली असली तरी छायाचित्राचे पैसे संग्रहालय घेतं.

आणि संपादकाचे पैसे आधी द्या. इथे जरा थट्टा बाजूला ठेवतो. फ्रेंच संगीतकार लालांद १७२६ला वारला. त्याच्या रचना वाजवण्याजोग्या करून देणारे अभ्यासक लायनेल सॉकिन्स मात्र हयात होते. मूळ संगीत लालांदचं, संपादकाने नवं संगीत काही लिहिलेलं नाही, तेव्हा स्वामित्वहक्क कसला, असा त्या रचनांचा अल्बम काढणाऱ्या हायपेरियनचा पवित्रा होता. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००५मध्ये निकाल सॉकिन्स यांच्या बाजूने दिला. खटल्याचा खर्च एवढा झाला की लेबलला नवी ध्वनिमुद्रणं कमी करावी लागली. मृत संगीतकार पैसे मागत नाही, हे या धंद्याचं सगळ्यात मोठं आकर्षण. तो बरोबर एक जिवंत माणूस घेऊन येतो, हे करारावर सही करताना आठवत नाही.

सीड्या छापून आल्या की त्या विकायच्या कुणाला? सोपं आहे: ज्यांनी वाजवलं त्यांना. काहीशे प्रती कलाकारांनीच विकत घ्यायच्या आणि मैफलीनंतर टेबलावर मांडायच्या, असा हल्ली रिवाजच आहे. रेकॉर्डिंगचा खर्चही बऱ्याचदा तेच जमवून आणतात. मग लेबल काय करतं, असं गांबा हे जुनं तंतुवाद्य वाजवणारा एखादा विचारेल. त्याला लोगो दाखवा.

स्ट्रीमिंगकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, तेव्हा मिसामधला, म्हणजे चर्चच्या उपासनेच्या संगीतातला, कीरिए हा पहिला भाग एकसंध ठेवायचा मोह आवरा, त्याचे तीन ट्रॅक पडतात. स्पॉटिफायने २०२४पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला छदामही मिळणार नाही. तेवढे श्रोते या संगीताला आहेत, पण ते सगळे एकाच वर्षी जिवंत नसतात. खरी करमणूक माहितीच्या रकान्यांत. मध्ययुगातली निम्मी गाणी कुणाची हे ठाऊक नाही, म्हणून संगीतकाराच्या जागी ‘अज्ञात’ लिहायचं. संगणक त्या सगळ्यांना एक माणूस समजतो. त्यामुळे नवव्या शतकापासून सतराव्यापर्यंत अखंड लिहिणारा, सर्व भाषांत पारंगत असा हा एक कलाकार तयार झाला आहे. त्याचे चाहते तुमच्या सगळ्या कलाकारांपेक्षा जास्त असतील. त्याच्याशी करार करता आला तर बघा.

राहता राहिला अनुदानाचा अर्ज. तो लिहिताना लाज वाटली तर परंपरा आठवा. १५७५मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने टॅलिस आणि बर्ड यांना संगीत छापण्याची मक्तेदारी दिली, चांगली २१ वर्षांची. म्हणजे स्पर्धक नाही, परवाना राणीचा, आणि संगीतकार देशातले सर्वोत्तम दोघं. त्यांनी लगेच प्रत्येकी १७ रचनांचा संग्रह छापून राणीला अर्पण केला. तो खपला नाही. दोन वर्षांत दोघांचा राणीला अर्ज गेला की या परवान्यापायी किमान २०० मार्कांचं नुकसान झालंय, काहीतरी करा. राणीने जमिनीचे पट्टे दिले. १५८८मध्ये बर्डने पुन्हा पुस्तक छापायला घेतलं.

तेव्हा पुढच्या अल्बमसाठी चर्चची तारीख आत्ताच धरून ठेवा. डिसेंबरात मिळत नाही.