तीन फुल्या, साठ-शून्य आणि अर्जातला एक रकाना

९ नोव्हेंबर २०२४, शनिवारची रात्र. मॉरिशसमधल्या कास्काव्हेलच्या आमच्या घरी जेवणं आटोपली होती. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान फाडलं, टेबलावर पालथं घातलं आणि पेननं एकाखाली एक वीसेक ओळी आखल्या. प्रत्येक ओळीच्या टोकाला पक्षांच्या खुणा काढल्या. किल्ली, बदाम, सूर्य, कोंबडा. मग पेन माझ्या हातात दिलं. "कर फुल्या. मोजून तीन."

मी दोन केल्या. तिसरं नाव कुठलं, ते माझं ठरत नव्हतं. त्यांनी पान परत माझ्यापुढे सरकवलं. "दोन केल्यास तर मत बाद. चार केल्यास तरी बाद. तिसरा शोध."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मॉरिशसच्या सार्वत्रिक निवडणुकीत मी मतदान केलं. माझा पासपोर्ट भारताचा आहे. हे सांगितलं की रत्नागिरीच्या माहेरी कुणाचा विश्वास बसत नाही, पण इथल्या राज्यघटनेत तसं लिहिलंय. राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा नागरिक इथे दोन वर्षं राहिला की त्याचं नाव मतदार यादीत येऊ शकतं. मी लग्न करून इथे आले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. या देशानं मला परकी म्हणून दारात उभं ठेवलं नाही, मतपत्रिका हातात दिली. म्हणूनच आज जे लिहितेय ते पाहुणीच्या तोंडची टीका म्हणून वाचू नका. घरातल्या माणसाला घराची काळजी वाटते, तशी वाटतेय म्हणून लिहितेय.

आधी इथलं गणित सांगते. मॉरिशस बेटाचे वीस मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन आमदार निवडले जातात. रॉड्रिग्ज हे बेट दूर पूर्वेला आहे, तो एकविसावा मतदारसंघ, तिथून दोन. असे थेट निवडून आलेले बासष्ट. मतदारानं जितक्या जागा तितक्या फुल्या करायच्या, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. ज्यांना सगळ्यांत जास्त मतं, ते पहिले तीन निवडून आले. राजधानी पोर्ट लुईला एकच सभागृह आहे. आपल्यासारखं विधानसभा वेगळी, लोकसभा वेगळी असं काही नाही. रॉड्रिग्जला मात्र स्वतःची प्रादेशिक सभा आहे, ती २००२ पासून. राष्ट्रपती सभागृहानं निवडलेला आणि मानाचा. खरी सत्ता पंतप्रधानाकडे. मतदान कागदावर, मोजणी दुसऱ्या दिवशी हातानं, आणि दिवसभर घराघरात रेडिओ चालू. निवडणूक आयुक्ताच्या कार्यालयाला इथे मान आहे. निकाल लागला की हरलेला माणूस खुर्ची सोडतो. आफ्रिकेच्या या भागात ही साधी गोष्ट नाही, आणि इथल्या लोकांना त्याचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे.

आता दुखतं कुठे ते सांगते.

तीन फुल्या सक्तीच्या म्हटल्यावर माणूस काय करतो? आपल्या पक्षाचे तिघे शोधतो आणि तिघांपुढे फुली मारून मोकळा होतो. उमेदवाराचं तोंडही पाहिलेलं नसतं, किल्ली दिसली की किल्ली, सूर्य दिसला की सूर्य. मग वारं जिकडचं, तिकडे तिन्ही जागा एका झटक्यात जातात. वीसही मतदारसंघांत वारं एकाच दिशेचं असलं की काय होतं त्याला इथे नावच पडलंय, साठ-शून्य. इथल्या बोलीत, क्रेओलमध्ये, म्हणतात 'स्वासांत-झेरो'. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं हा शब्द बसस्टॉपवर, बाजारात ऐकू येतो. १९८२ मध्ये झालं. सर शिवसागर रामगुलाम, देशाचे पहिले पंतप्रधान, त्यांची स्वतःची जागासुद्धा गेली. १९९५ मध्ये झालं. आणि २०२४ मध्ये, मी ज्या निवडणुकीत मत दिलं त्यात, पुन्हा झालं. शिवसागर यांचे पुत्र नवीन रामगुलाम आणि पॉल बेराँजे यांच्या युतीला साधारण ६२ टक्के मतं मिळाली आणि बेटावरच्या साठपैकी साठ जागा.

मी खरं सांगते, त्या सोमवारी मलाही आनंद झाला होता. निवडणुकीच्या आदल्या पंधरवड्यात फोन टॅपिंगच्या क्लिपा बाहेर येत होत्या, लोक जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बोलायला लागले होते. १ नोव्हेंबरला सरकारनं सगळी सोशल मीडियाच बंद करण्याचा हुकूम काढला आणि लोक इतके भडकले की दुसऱ्या दिवशी तो मागे घ्यावा लागला. तेव्हा ते सरकार जावं असं मलाही वाटत होतं. पण रात्री शांत बसल्यावर मनात आलं, दर तिघांतल्या एकाहून जास्त लोकांनी दुसरीकडे मत दिलं, त्यांचा माणूस सभागृहात कुठे आहे? उलटही झालेलं आहेच. २०१९ ला विरोधक फुटलेले होते, तेव्हा साधारण ३७ टक्के मतांवर एका बाजूला स्पष्ट बहुमत मिळालं होतं. म्हणजे एका वेळी बहुतेकांना नको असलेलं सरकार येतं आणि पुढच्या वेळी विरोधी बाकं ओस पडतात. एकाच पद्धतीची ही दोन्ही फळं आहेत.

आणि साठ-शून्यनं देशाचं भलं झालं असंही नाही. १९८२ चं सरकार वर्षभरही टिकलं नाही, आपसांतच फुटलं आणि १९८३ च्या ऑगस्टमध्ये परत निवडणूक घ्यावी लागली. १९९५ ची युती १९९७ मध्ये तुटली. समोर कुणी नसलं की भांडण घरातच सुरू होतं.

आता उमेदवारी अर्जातल्या त्या रकान्याकडे येते. बासष्ट जणांशिवाय आणखी आठ जागा असतात आणि त्या हरलेल्यांना मिळतात. इथे सगळे त्याला 'बेस्ट लूझर' म्हणतात. उमेदवारी अर्ज भरताना प्रत्येकानं आपला समाज लिहायचा. हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे मॉरिशियन, किंवा जनरल पॉप्युलेशन म्हणजे बाकीचे सगळे. निकालानंतर निवडणूक देखरेख आयोग हिशेब करतो, कुठल्या समाजाला लोकसंख्येच्या मानानं कमी जागा मिळाल्या. त्या समाजाचा जो उमेदवार चांगली मतं मिळवून हरला, त्याला आत घेतात. पहिल्या चार जागा पक्ष न बघता. उरलेल्या चार अशा द्यायच्या की पक्षांमधलं मूळ अंतर बिघडू नये. १९६७ ची निवडणूक ही स्वातंत्र्य हवं की नको याचाच कौल होता. त्यात स्वातंत्र्याच्या बाजूचे ३९ आणि विरोधातले २३ निवडून आले. आठ जागा वाटल्यावर झाले ४३ आणि २७. अंतर सोळाचं होतं, सोळाचंच राहिलं. २०२४ ला मात्र चारच जागा भरल्या गेल्या, कारण पुढच्या चार ज्यांना द्यायच्या त्या जिंकलेल्या युतीकडे बेटावर हरलेला उमेदवारच नव्हता. सभागृह झालं सहासष्टांचं.

ही पद्धत ऐकून पुण्या-मुंबईतले मित्र लगेच म्हणतात, म्हणजे जातीय राखीव जागाच की. इतक्या घाईनं तिला मोडीत काढू नये. सासूबाई १९६८ साली सोळा वर्षांच्या होत्या. त्या जानेवारीत, स्वातंत्र्याला दोन महिने राहिलेले असताना, पोर्ट लुईत दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य आणावं लागलं. त्या सांगतात, त्यांचे वडील शहरात कामाला होते ते चार दिवस घरी आले नव्हते. रात्री दाराला आतून उसाच्या गाडीचं जू लावून ठेवायचे. त्या काळात बहुसंख्य हिंदू आपल्याला गिळून टाकतील ही भीती बाकीच्यांच्या मनात खरी होती. सर अब्दुल रझाक मोहमद यांच्यासारखे मुस्लिम पुढारी हमी मागत होते, ते उगीच नव्हे. बेस्ट लूझरनं ती हमी दिली. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांत इथे भाषणं झाली, मोर्चे झाले, सरकारं पडली, पण छोट्या समाजांची सभागृहातली जागा बऱ्याच अंशी टिकून राहिली. सासूबाईंपुढे या पद्धतीला नावं ठेवली की त्या गप्प होतात, आणि त्यांचं गप्प होणं मी हलकं घेत नाही.

तरीही तो रकाना जायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

एक तर हिशेब ज्या आकड्यांवर होतो ते १९७२ च्या जनगणनेचे आहेत. त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारलेलाच नाही. चांगलंच केलं विचारलं नाही ते. पण मग १९७२ साली मोजलेल्या माणसांवर २०२४ ची जागा कशी ठरवायची? यातली कितीतरी माणसं आज हयातही नाहीत. दुसरं, घटनेतले शब्द. जो माणूस त्याच्या राहणीवरून हिंदू, मुस्लिम किंवा चिनी दिसत नाही, तो जनरल पॉप्युलेशन. राहणीवरून! आमच्या गल्लीत एक बाई आहेत, आजोबा तमिळ, आजी आफ्रिकी वंशाची क्रेओल, रविवारी चर्चला जातात आणि आमच्याकडे गणपतीला मोदक वळायला बसतात. त्यांची राहणी कुणी ठरवायची?

रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव्ह या पक्षाच्या लोकांनी हा रकाना भरायला नकार दिला आणि त्यांचे अर्ज बाद झाले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. २०१२ मध्ये समितीनं सांगितलं की असा समाज लिहायला भाग पाडणं हे त्यांच्या हक्काचं उल्लंघन आहे. २०१४ पुरती तात्पुरती सूट मिळाली, २०१९ ला पुन्हा जैसे थे. देशाची सेवा करायला निघालेल्या माणसाला आधी 'तू कोणाचा' हे लिहून द्यायला लागावं, नाहीतर दार बंद, हे मला सहन होत नाही.

आपल्या मराठी लोकांचंही यात काय होतं ते बघा. माझ्या सासरचे पूर्वज कोकणातून मुंबई बंदरामार्गे ऊसतोडीला आले. आज इथे शाळेत मराठी शिकवतात, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. सासूबाई घरात क्रेओल बोलतात, पण आरती मराठीतच म्हणतात, एक शब्द चुकत नाही. पण घटनेच्या चार खणांत मराठी हा खण नाही. तमिळ, तेलुगू, मराठी, सगळे हिंदू या एकाच खणात. म्हणून मंत्रिमंडळ बनलं की प्रत्येक छोटा गट आपापला माणूस मोजतो. आमच्याही मराठी मंडळात ही मोजणी होते. 'आपला एक तरी हवा.' मला ती भावना कळते, पण त्यानं आपण त्याच खणांच्या आत आणखी छोटे खण पाडतो.

आणि ज्याला कुणी रकाना म्हणत नाही अशी एक विषमता तर सरळ डोळ्यांसमोर आहे. आमचा मतदारसंघ क्रमांक १४, सावान आणि ब्लॅक रिव्हर. पोर्ट लुईमधला क्रमांक ३ हा सगळ्यांत छोटा. आमच्याकडे तिथल्या अडीचपटीहून जास्त मतदार, आणि आमदार दोन्हीकडे तीनच. माझ्या नवऱ्याचा मित्र तिकडे राहतो. त्याच्या एका फुलीचं वजन माझ्या फुलीच्या अडीचपट. यावर कुठे मोर्चा निघत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

उपाय कुणाला ठाऊक नाही असंही नाही. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती आल्बी साक्स यांच्या आयोगानं सांगून ठेवलंय. बासष्ट जागा राहू द्या, वर तीस जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात द्या. म्हणजे तीस टक्के मतं मिळालेला पक्ष शून्यावर येणार नाही, आणि यादी करताना पक्षालाच सगळ्या समाजांची, बायकांची माणसं घ्यावी लागतील. मला हेच पटतं. भीतीला उत्तर मिळतं आणि रकानाही जातो. २०१८ च्या डिसेंबरात एक विधेयक आलं होतं, पण घटना बदलायला तीन चतुर्थांश मतं लागतात, ती जमली नाहीत. आजवरची गोष्ट अशीच आहे. ज्यांना बदल हवा त्यांच्याकडे मतं नसतात, आणि ज्यांच्याकडे मतं असतात त्यांना याच पद्धतीनं निवडून दिलेलं असतं. १९६८ पासून या देशाला पाच पंतप्रधान लाभले. त्यांतले चार रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांतले, बाप आणि मुलगा, बाप आणि मुलगा. पाचवे बेराँजे, दोन वर्षांपुरते.

सहासष्टांच्या सभागृहात तीन चतुर्थांश म्हणजे पन्नास. रामगुलाम-बेराँजे युतीला २०२४ ला साठ मिळाले. कुणाचं मन वळवायला नको होतं, कुणाशी सौदा नको होता. १९९५ नंतर इतकं बळ कुणाला मिळालं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी आमच्या मतदारसंघाच्या तिघा आमदारांना पत्र लिहिलं. एकच मजकूर, तीन प्रती. साक्स आयोगाच्या शिफारशींवर चर्चा करा, मतदारसंघ नव्यानं आखा, उमेदवारी अर्जातला समाजाचा रकाना काढा. रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं, क्रेओलमध्ये सांगितलं. त्यांनी चष्मा लावून सगळं परत वाचलं. सही करणार का विचारलं तर म्हणाल्या, एक वाक्य घाल, मग करते. त्यांनी सांगितलेलं वाक्य मी तिन्ही प्रतींवर हातानं लिहिलं: "हे सगळं करताना आज सभागृहात बसलेल्या कुठल्याही समाजाची जागा कमी होता कामा नये." मग त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली आणि खाली सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं, मतदारसंघ क्रमांक १४.