पांढरी पाच, किंचित चढी

बाबांच्या एलपी माळ्यावरून उतरवल्या, नवं टर्नटेबल आणलं आणि घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या 'ऑक्स' लिहिलेल्या भोकात वायर खुपसली. सुई टेकवली. पंडितजी गायला लागले, पण शेजारच्या इमारतीतून, आणि सर्दी झाल्यासारखे. व्हॉल्यूम पार टोकाला नेला. बायको आतून ओरडली, "डास झालेत का? खिडकी लाव!"

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून थेट लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार.

"प्रीअँप लावलाय?" दुकानदारानं विचारलं.

"अँप आहे की."

त्यानं दीर्घ श्वास घेतला. "साहेब, सुईतून निघतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट, म्हणजे चारशे पट. चमचाभर वरणात तुम्ही वऱ्हाड जेवायला बसवलंत. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबतात, नाहीतर एक चर वळवळत शेजारच्या चरीत घुसेल. वरचे सूर मुद्दाम फुगवतात. नंतर ते खाली आणले की खरखरही बसते. १९५४ पासूनचा नियम आहे हा. तबकडीवर कोरडे पोहे असतात, ते भिजवायचं काम फोनो प्रीअँपचं. तुम्ही तसेच चावत होता."

साबणाच्या डबीएवढी ती पेटी घेऊन आलो. किंमत घरी सांगितली नाही, इथेही नको.

जोडली, आणि काय सांगू! पंडितजी दिवाणखान्यात येऊन बसले, मांडी घालून. फक्त सोबत कुणीतरी घुमत होतं. घूंऽऽऽ. रेकॉर्ड थांबली तरी थांबेना. दोन दिवस वायरी उलट्यासुलट्या केल्या, फ्रिज बंद केला, आइस्क्रीमचं सरबत झालं.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्या गाण्याचे क्लास घेतात. "तंबोरा छान लावलाय हो! हार्मोनियमची पांढरी पाच. जरासा चढा आहे, पण हलत म्हणून नाही." हलेल कसा? ती घूंऽऽऽ म्हणजे विजेचे ५० हर्ट्झ!

तिसऱ्या रात्री टर्नटेबलच्या पाठीमागे एक बारीक हिरवी वायर सापडली. जास्तीची म्हणून मीच ती नीट गुंडाळून चिकटपट्टी लावली होती. अर्थिंगची. प्रीअँपच्या मागच्या स्क्रूखाली ती आवळली आणि घरात अशी शांतता पसरली, की बायकोला वाटलं वीज गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. काकू.

"बंद का केलात हो? पोरींचा यमन अर्ध्यावर लटकलाय!"

मी आत गेलो आणि स्क्रू सैल केला.