गिऱ्हाईक कशासाठी येते?

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी लघुउद्योजकांसाठी एका दिवसाचे प्रशिक्षण होते. आमच्या बचत गटातील चौघींबरोबर मीही गेले होते. मार्गदर्शन करणाऱ्या गृहस्थांनी दोन तास तळमळीने बोलून सांगितले की, धंद्यात पॅशन हवी, ध्यास हवा, आणि तो असला की ग्राहक आपोआप येतो. परतीच्या एसटीत आमच्यातील सर्वांत तरुण मुलीने मला विचारले, "ताई, म्हणजे माझ्यात ध्यास कमी आहे, म्हणून माझे कुळथाचे पीठ खपत नाही का?" ती रोज पहाटे चारला उठते आणि कुळीथ स्वतः भाजून, भरडून, पाखडून मग दळते. तिच्या प्रश्नाने मला फार वाईट वाटले. गाडीत तिला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. किनारपट्टीवर घरगुती उत्पादने करणाऱ्या, खोल्या देणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या अनेकांच्या मनात हाच प्रश्न असतो, हे मला ठाऊक आहे.

माझा व्यवसाय कोकमाचा आहे. गुहागर तालुक्यात आमच्या घरामागे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडे आहेत. एप्रिलच्या अखेरीपासून फळ पिकू लागते आणि पावसाच्या आत सगळे उरकावे लागते. फळे फोडायची, साल आणि बिया वेगळ्या करायच्या, साल उन्हात वाळवायची, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवायची आणि अशी पुटे देत आमसुले काळीभोर होईपर्यंत थांबायचे. आगळासाठी, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसासाठी, मीठ, सरबतासाठी साखर, आणि बिया फुकट जाऊ न देता त्यांचे तेल. त्या महिन्यात हातांचा लाल रंग साबणाने जात नाही. हे काम मी सासूबाईंकडून शिकले आणि मला ते मनापासून आवडते. ध्यास म्हणाल तर तो पहिल्या दिवसापासून होता. तरीही पहिली चार वर्षे माझे आगळ एकदा नेलेला माणूस दुसऱ्यांदा क्वचितच येई.

असे का होते, ते मला ठाण्याहून आलेल्या एका बाईंनी दाखवले. धोपाव्याला फेरीबोटीतून उतरून गुहागरकडे येणारे पर्यटक आमच्या रस्त्यावरच्या टपरीपाशी थांबतात. त्या बाई थांबल्या आणि मी नेहमीप्रमाणे त्यांना आगळाची सगळी हकीकत सांगितली: झाडे किती जुनी आहेत, मीठ कोणते वापरतो, यंत्र कसे लावत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "यात पाणी किती घालायचे?" मागच्या वर्षी त्यांनी माझीच बाटली नेली होती. सरबत समजून पेल्यात ओतली, तोंड खारट झाले आणि उरलेली बाटली पुढे केव्हातरी टाकून दिली. मी बाटली हातात घेऊन पाहिले. घटक, वजन, तारीख आणि परवाना क्रमांक हे सगळे लेबलावर होते. शिवाय आमच्या घराण्याच्या परंपरेविषयी चार ओळी होत्या. आगळ कसे वापरायचे, याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. चार वर्षांत ती गोष्ट मला सुचलीच नव्हती, कारण आमच्या घरात हा प्रश्न कधी कोणी विचारलेलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी ध्यास या शब्दाकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागले. पुढे या विषयावरचे थोडे वाचन झाले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आवडीच्या कामाविषयी एक मांडणी केली. त्यांच्या मते ध्यासाचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात माणसाने ते काम मोकळेपणाने आपलेसे केलेले असते आणि ते त्याच्या बाकीच्या आयुष्याशी जुळून राहते. दुसऱ्या प्रकारात ते काम माणसाला आतून रेटत असते, कारण त्याची स्वतःची किंमत त्या कामावर टांगलेली असते. वाचताना मला माझीच जुनी भांडणे आठवली. "जरा खारट आहे हो," असे कोणी म्हटले की मी वाद घालत असे. आगळ असेच असते, तुम्हाला शहरात खरे खायला मिळत नाही, असेही मी एकदा बोलून गेले आहे. तो माणूस आगळाविषयी बोलत होता आणि मला ते माझ्याविषयी वाटत होते. माझ्या मते आपल्या व्यवसायावरचे प्रेम कोणत्या प्रकारचे आहे, हे तक्रार ऐकण्याच्या त्या एका क्षणात कळते.

आमच्या शेजारच्या आंबा बागायतदारांचा अनुभव याहून मोठा आहे. झाडावर त्यांच्याइतका जीव लावणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण वर्षानुवर्षे त्यांची पेटी वाशीच्या बाजारात जात असे, दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येत असे, आणि तो आंबा कोणी कसा खाल्ला हे त्यांना कधी समजत नसे. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे नेहमीची वाट अडली, तेव्हा कोकणातील अनेक बागायतदारांप्रमाणे त्यांनीही मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पाठवल्या. आठवडाभरात फोन सुरू झाले. आंबे हिरवेच आले आहेत, फसवले का? फ्रिजमध्ये ठेवले तर काळे पडले. बाहेरून उत्तम दिसतो, पण कापल्यावर आत पांढरा, बेचव भाग निघाला. यातले शेवटचे म्हणजे साका, जो बाहेरून ओळखू येत नाही. तो बागायतदाराला माहीत असतो, खाणाऱ्याला नसतो, आणि खाणाऱ्याला ती सरळसरळ लबाडी वाटते.

शेजारी दोन दिवस फार दुखावलेले होते. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि ती प्रत्येक पेटीत घातली. आंबे पेटीतून काढून पेंढ्यावर किंवा कागदावर एका थरात पसरा. कच्चे असताना फ्रिजमध्ये ठेवू नका. रंगापेक्षा वासावर विश्वास ठेवा. साल किंचित सुरकुतली की आंबा सर्वांत गोड. साका निघाला तर छायाचित्र पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळे जास्त देऊ. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. पण त्या सोसायट्यांतील लोक आजही त्यांच्याकडूनच पेटी मागवतात, त्याचे कारण मला त्या चिठ्ठीत दिसते.

येथे प्रेरणेचा मुद्दा येतो. आपण नेहमी उद्योजकाच्या प्रेरणेविषयी बोलतो, पण ग्राहकालाही घरातून निघताना काहीतरी प्रेरणा असते आणि तिचा आपल्या उत्पादनाशी संबंध असेलच असे नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतल्या प्रेरणेमागे तीन गरजा सांगितल्या आहेत: आपला निर्णय आपण घेतला असे वाटणे, आपल्याला एखादी गोष्ट चांगली जमते असे वाटणे, आणि कोणाशी तरी आपुलकीने जोडलेले असणे. ही मांडणी त्यांनी माझ्या टपरीसाठी केलेली नाही, तरी ती तेथे लावून पाहण्याचे धाडस मी केले.

त्या ठाण्याच्या बाईंना काय हवे होते? कोकणची परंपरा त्यांना नको होती असे मी म्हणणार नाही, पण त्यांना मुख्यतः रविवारी माशांच्या जेवणाबरोबर आपल्या हातची सोलकढी चांगली व्हायला हवी होती आणि पानावर बसलेल्या माणसांनी ती पुन्हा मागायला हवी होती. म्हणजे त्यांचा ध्यास कोकमाचा नव्हता, स्वयंपाकाचा होता. मी मात्र माझ्या हाताची थोरवी सांगत होते आणि त्यांच्या हाताला काहीच देत नव्हते. आता बाटलीवर ठळक लिहिले आहे: नारळाच्या दुधात आगळ थोडे थोडे घाला, प्रत्येक वेळी चव पाहा, आगळात मीठ आहेच म्हणून वेगळे मीठ शेवटी आणि लागले तरच घाला. ही ओळ छापल्यापासून खारटपणाची तक्रार जवळजवळ थांबली. आगळात मी काहीही बदल केलेला नाही.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण ग्राहकाचे ऐका असे म्हटले की अनेकांना वाटते, तो सांगेल तसे करा. लोकांनी मला मीठ कमी करा असे सांगितले होते. तसे केले असते तर आगळ टिकलेच नसते, आंबले असते, कारण मीठच त्याला राखते. ग्राहकाची अडचण नेहमी खरी असते, परंतु त्याने सुचवलेला उपाय बरोबर असेलच असे नाही, आणि उपाय शोधताना आपले वर्षानुवर्षांचे ज्ञान व आवड यांचा खरा उपयोग होतो. एका व्यापाऱ्याने मला सरबतात रंग घालून ते अधिक लाल करायला सांगितले होते, मोठी मागणीही देऊ केली होती. मी नाही म्हटले. तेथे माझा ध्यास आडवा आला आणि तो आला याचा मला आनंद आहे.

चाकरमान्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. मी आगळ काचेच्या एक लिटरच्या बाटलीत भरत असे, कारण ते काचेत उत्तम राहते आणि शोभतेही. गणपतीत गावी आलेली माणसे बाटली हातात घेत, वजनाचा अंदाज घेत आणि परत ठेवत. मला वाटे, किंमत जास्त होते आहे. एकदा न राहवून एका गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, चिपळूणला तुतारी एक्स्प्रेस पकडायची आहे, गाडीत पाय ठेवायला जागा नसते, काच फुटली तर दुसऱ्याचे सामान खराब व्हायचे. आणि मला एकट्याला एवढे नको आहे, चाळीतल्या पाच घरांत द्यायचे आहे." त्या माणसाला आपल्या गावाकडचे काहीतरी शेजाऱ्यांना नेऊन द्यायचे होते. पुढच्या गणपतीला मी खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोनशे मिलिलिटरच्या बाटल्या आणल्या आणि पाच बाटल्यांना एक पिशवी दिली. त्या आठवड्यात मला दोनदा नव्याने बाटल्या भराव्या लागल्या.

सवलतींविषयीही लिहिले पाहिजे, कारण ही चूक मी केलेली आहे. १९७१ मध्ये डेसींचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना ठोकळे जुळवण्याची कोडी दिली होती. काही जणांना मधल्या टप्प्यात कोडे सोडवल्याबद्दल पैसे दिले गेले, आणि पैसे बंद झाल्यावर त्यांनी मोकळ्या वेळात कोड्यांना पूर्वीपेक्षा कमी वेळ दिला. आधी जे आवडीने होत होते, त्याला पैशाचे कारण चिकटले आणि ते कारण जाताच आवडही उतरली. मी एका दिवाळीत दोन बाटल्यांवर एक मोफत दिली. विक्री वाढली, पण त्यानंतर माझे जुने, भाव न विचारता नेणारे ग्राहकही फोनवर "यंदा योजना कधी आहे?" असे विचारू लागले. त्यांना येण्याचे स्वतःचे चांगले कारण होते आणि मीच त्यांना दुसरे, हलके कारण दिले. ते पुसायला मला दोन वर्षे लागली. आता मी सवलत देत नाही; जुन्या ग्राहकाच्या खोक्यात चार आमसुले किंवा भाकरीबरोबर खायला थोडी चटणी न सांगता ठेवते.

चिपळूणच्या बाजारपेठेतील एक दुकानदार माझा माल ठेवतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात त्यांचे दुकान पूर्ण बुडाले. गाळ उपसून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा फळ्यांवर खराटे, फिनेल, मेणबत्त्या, बादल्या आणि गमबूट मांडले. त्यांचा मूळ धंदा मसाल्यांचा, आणि मसाल्यांवर त्यांचे प्रेम एवढे की डोळे मिटून तिरफळाची जात सांगतील. पण त्या आठवड्यात माणसे बाजारात कशासाठी येतील, हे त्यांनी आपल्या घरातला चिखल पाहून ओळखले होते. मसाले महिन्याभराने परत आले.

राहिला उद्योजकाच्या स्वतःच्या प्रेरणेचा प्रश्न. मे महिन्याच्या शेवटी, आभाळ भरून येत असताना आणि अंगणात साल पसरलेली असताना, भाषणातली वाक्ये मला कधी उभी करू शकलेली नाहीत. त्याऐवजी मी एक साधी गोष्ट सुरू केली. ग्राहकांचे संदेश मी दुपारच्या चहाच्या वेळी कामावरच्या बायकांना वाचून दाखवते, तक्रारीसकट. एकदा एका बाटलीत देठाचा तुकडा निघाल्याचे पत्र वाचले. दुसऱ्या दिवशी मी काही न सांगता त्यांनी फळे निवडायला आणखी एक टोपली मांडली. आपले काम कोणाच्या ताटापर्यंत जाते, हे त्यांना तोवर दिसलेले नव्हते.

एसटीतल्या त्या मुलीला मी एवढेच सुचवले की, ज्यांनी पीठ एकदा नेले आणि पुन्हा मागितले नाही, अशा सहा जणींना फोन कर. पीठ विकू नकोस, फक्त त्याची पिठी, म्हणजे पिठाची पातळ आमटी, कशी झाली ते विचार आणि त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिही. काल संध्याकाळी ती वही घेऊन आली. चौघींनी एकच सांगितले होते, की उकळत्या पाण्यात पीठ टाकले की गुठळ्या होतात. तिच्या घरी पीठ आधी गार पाण्यात कालवून मग फोडणीच्या पाण्यात सोडतात, आणि हे कोणाला सांगावे लागेल असे तिच्या मनातही आले नव्हते. आम्ही दोघींनी बसून पाकिटासाठी तीन ओळी लिहिल्या. आज ती त्या ओळी आणि पाव किलो पीठ घेऊन शेजारच्या शाळेतल्या, देशावरून नव्यानेच बदलून आलेल्या बाईंकडे गेली आहे. त्यांनी आजवर पिठी केलेली नाही, आणि केवळ त्या तीन ओळी वाचून त्यांना ती करता येते का, हे तिला पाहायचे आहे.