फुटतुटीची वही आणि 'दुकानदारी'

ताई,

तुम्ही 'एक माजी विद्यार्थिनी' एवढीच सही केलीत, म्हणून ताई म्हणतो. तुम्ही धाकट्या असाल तर चालवून घ्या.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाला काही पाठवायचं असेल तर आख्खा लेख लिहून धाडू नका, आधी संपादकांना अर्ध्या पानाचा प्रस्ताव पाठवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं: एक, आठवणी आतून येतात, त्यांचा 'प्रस्ताव' मांडणं ही लेखनाची दुकानदारी. दोन, त्यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या सहायकांवर मनापासून लिहिलेला मोठा लेख साभार परत आला, कारणही न देता. आपल्याच कॉलेजच्या अंकात आपल्याला जागा नसेल तर तो अंक कुणाचा? तीन, हे अंक नाहीतरी देणगीदारांचे फोटो छापायलाच निघतात, तिथे लेखनकलेचे धडे कशाला?

पहिल्या मुद्द्यात तुम्ही अर्ध्या बरोबर आहात, आणि त्या अर्ध्यापुरती चूक माझी आहे. मी लेख आणि ललित निबंध एकाच दावणीला बांधले. ज्या लेखासाठी चार माणसांना भेटायचं आहे, जुनी कागदपत्रं बघायची आहेत, त्याचा प्रस्ताव आधीच पाठवावा. नाहीतर महिनाभर राबून कळतं की तोच विषय गेल्या वर्षी येऊन गेला. ललित निबंधाचं तसं नाही. 'मी वडिलांच्या आजारपणाबद्दल एक हळवा निबंध लिहू इच्छितो' यावरून कुठला संपादक काय ठरवणार? निबंधाचा जीव वाक्यांत असतो, तो पुराच पाठवावा लागतो. बहुतेक संपादक तसाच मागतातही. मूळ लेखात हा फरक यायला हवा होता. आज दुरुस्ती करतो.

पण 'दुकानदारी' हा शब्द मला मान्य नाही. प्रस्ताव म्हणजे मालाची जाहिरात नव्हे. आपल्याला नेमकं काय सांगायचं आहे हे आपल्याला तरी कळलंय का, याची ती परीक्षा असते. मी काही वर्षं अशाच एका नियतकालिकाच्या संपादक मंडळात बिनपगारी काम केलं. (कुठल्या ते सांगत नाही, तिथले लोक अजून बोलतात माझ्याशी.) येणाऱ्या टपालात 'ते सोनेरी दिवस' आणि 'मागे वळून पाहताना' या दोन शीर्षकांची इतकी गर्दी असायची, की आम्ही त्यांचा वेगळा गठ्ठाच करायचो. लिहिणारे खोटं लिहीत नव्हते. प्रत्येकाचं वसतिगृह खरं, प्रत्येकाचे कडक सर खरे, शेवटच्या दिवशीचं रडू तर अगदी खरं. अडचण एवढीच की वाचणाऱ्यांकडे हे सगळं आधीपासून होतं. तीच इमारत, तोच जिना, तीच घंटा. इतर कुठल्याही मासिकाच्या वाचकाला जागेची ओळख करून द्यावी लागते. इथे वाचक जागा घेऊनच येतो. त्याला त्याच्याकडे नसलेलं काहीतरी द्यायचं असतं, आणि स्मरणरंजन नेमकं त्याच्याकडे असलेलंच परत देतं.

हे शहाणपण मला टपाल चाळून आलं नाही. त्याच्या बऱ्याच आधी मी स्वतः वसतिगृहावर तीन हजार शब्द लिहून पाठवले होते. बावीस मित्रांची नावं होती त्यात, टोपणनावांसकट. लेख परत आला तेव्हा संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'यातले तुम्ही कोणते?' आठवडाभर धुमसत होतो. मग लेख पुन्हा वाचला. खरोखरच मी कुठेच नव्हतो त्यात.

आता तुमच्या लेखाकडे येतो. तो मी वाचलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलायचा मला हक्क नाही. पण प्रतिक्रियेच्या शेवटी, तक्रारीच्या ओघात, तुम्ही एक वाक्य लिहून गेलात: 'ज्या माणसाने आमच्या हातून फुटलेली प्रत्येक परीक्षानळी वहीत टिपून ठेवली आणि तरी कुणाच्या अनामत रकमेतून एक पैसा कापू दिला नाही, त्याच्यावर चार पानं द्यायला यांना जड झाली.'

ताई, हे वाक्य लेखात होतं का? असलं तर कितव्या पानावर?

कारण गोष्ट तिथे आहे. जो माणूस कापून घेणारच नव्हता, त्याने वही लिहिलीच कशाला? हा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. हिशेब तपासणाऱ्यांना दाखवायला? मुलांना धाक म्हणून? की काचसामान मागवताना आकडा हाताशी असावा म्हणून? कदाचित तिन्ही. कदाचित चौथंच काही असेल, ते फक्त त्यांनाच माहीत. 'आमचे प्रयोगशाळा सहायक' हा विषय झाला, आणि असे विषय संपादकाकडे ढिगाने येतात. 'न कापलेल्या पैशांची वही' ही गोष्ट झाली, आणि ती फक्त तुमच्याकडे आहे.

मी तुमच्या जागी असतो तर प्रस्ताव साधारण असा लिहिला असता. रिकाम्या जागा तुम्ही भरायच्या:

'रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक वही होती. ब्युरेटची तोटी कुणी मोडली, शंकुपात्र कुणाच्या हातून निसटलं, सगळं तारीखवार. वर्षअखेरीला नुकसानीचे पैसे अनामत रकमेतून कापायचे, असा नियम होता. आमच्या सहायकांनी वही नेमाने लिहिली आणि नियम कधी पाळला नाही. मी त्यांना भेटून हे दोन्ही का, ते विचारणार आहे. वहीत नावं असलेल्या तिघांशीही बोलेन; त्यांच्यातला एकजण आज ... करतो. लेख बाराशे शब्दांचा होईल, सहा आठवड्यांत देऊ शकेन. त्या वहीत माझंही नाव आहे, ... वेळा. मी ... सालच्या तुकडीची विद्यार्थिनी.'

शंभर शब्दही नाहीत. यात 'कृतज्ञता', 'ऋणानुबंध', 'संस्कार' यातलं काही नाही, तरी वाचणाऱ्याला ते पोचतं. आणि 'विचारणार आहे' हे क्रियापद बघा. तुम्ही अजून शोधताय, म्हणजे लेखात काहीतरी घडणार आहे. पूर्ण झालेली आठवण घेऊन गेलात तर संपादकाला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. शोध घेऊन गेलात तर तो म्हणतो, वहीचा फोटो मिळेल का?

एक पथ्य मात्र पाळा. वहीतली नावं त्या-त्या माणसाला विचारल्याशिवाय छापायची नाहीत. फुटलेल्या परीक्षानळीची बाब क्षुल्लक वाटते, पण लोक स्वतःबद्दल कशाने दुखावतील सांगता येत नाही. सहायकांनाही आधी सांगा. नियम मोडल्याचं छापून येणार म्हटल्यावर ते कदाचित नको म्हणतील, आणि मग नकोच.

'आपल्याच अंकात आपल्याला जागा नाही' या दुःखावर माझ्याकडे फारसं औषध नाही. माजी विद्यार्थी असणं म्हणजे फाटकातून आत यायची मुभा, पंगतीतलं पान नव्हे. हजारो माजी विद्यार्थी आणि वर्षाला तीन-चार अंक, हे गणित कुठल्याही संपादकाच्या हातचं नाही. कारण न देता परत पाठवणं उद्धटपणाचं, हे मात्र कबूल. आम्हीही ते केलंय. दोन माणसं आणि फुगलेलं टपाल असलं की पहिली गदा पोच देण्यावर येते. तुम्ही दीड-दोन महिन्यांनी एकदा सभ्यपणे विचारणा करा, त्यात कमीपणा नाही. तरी उत्तर नाहीच आलं, तर लेख दुसरीकडे न्यायला तुम्ही मोकळ्या.

आता तिसरा मुद्दा, देणगीदारांचे फोटो. यात तथ्य आहे, पण सगळ्या अंकांना एकाच मापाने मोजू नका. पुढचा अंक हातात आला की आतल्या पानावरची बारीक अक्षरं वाचा: प्रकाशक कोण? कॉलेजचं जनसंपर्क किंवा निधी संकलनाचं खातं असेल, तर शुल्कवाढीवरची टीका तिथे छापून येणार नाही. संपादक भित्रा असतो म्हणून नव्हे, बांधलेला असतो म्हणून. प्रकाशक स्वतंत्र संस्था असेल तर चित्र बदलतं. 'हार्वर्ड मॅगझीन' १८९८ साली माजी विद्यार्थ्यांनीच 'हार्वर्ड बुलेटिन' या नावाने सुरू केलं आणि आजही संपादकीयदृष्ट्या स्वतंत्र आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांसाठीचं 'प्रिन्स्टन अलम्नाय वीकली' १९०० पासून चालू आहे. (नावातलं 'वीकली' तेवढं उरलंय, साप्ताहिक ते आता राहिलेलं नाही.) आणि असल्या अंकांत साहित्य कुठून येणार, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या पोर्टलंड विद्यापीठाचं 'पोर्टलंड मॅगझीन' बघा. ब्रायन डॉयल हा स्वतः कसलेला निबंधकार १९९१ पासून २०१७ मध्ये जाईपर्यंत त्याचा संपादक होता, आणि विद्यापीठाच्या त्या अंकाची ओळखच निबंधांसाठी झाली. पैसा विद्यापीठाचाच होता. संपादकाला कान होता, एवढाच फरक.

शिवाय हे अंक वाचले कसे जातात ते आठवा. मागून. आधी आपल्या तुकडीच्या बातम्या, मग श्रद्धांजलीचं पान, मग जमलं तर बाकीचं. प्राचार्यांचं मनोगत पहिल्या पानावर असतं आणि तिथेच राहतं. म्हणून शेवटच्या पानावरचा सहाशे-आठशे शब्दांचा निबंध ही मला सगळ्यात मोक्याची जागा वाटते. नवख्याने तिथून किंवा पुढच्या छोट्या सदरांतून शिरावं. मधले मोठे लेख संपादक सहसा ओळखीच्या हातांना देतो. तुमचा परत आलेला लेख, तुम्हीच लिहिता त्याप्रमाणे, चोवीसशे शब्दांचा होता. लेख कितीही चांगला असो, अनोळखी नावाला एवढी जागा मिळणं कठीणच.

वेळेचंही बघा. त्रैमासिकाचा अंक तीन ते सहा महिने आधी आखला जातो. सहायकांच्या निवृत्तीला किंवा विभागाच्या वर्धापनाला जोडून लेख यावा असं वाटत असेल, तर निदान सहा महिने आधी कळवा. समारंभ उरकल्यावर पाठवलेला लेख कितीही गोड असला तरी शिळा ठरतो. मानधनाचं विचारायला लाजू नका. काही देतात, पुष्कळ देत नाहीत, आणि विचारण्याने कुणी चिडत नाही. छापल्यावर लेख तुम्हाला इतरत्र वापरता येईल का, तेही लिहूनच घ्या.

ती वही सध्या कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. सहायकांच्या घरी, विभागाच्या कपाटात, की केव्हाच रद्दीत? रद्दीत गेली असली तरी गोष्ट मरत नाही, फक्त प्रस्तावाचं पहिलं वाक्य बदलावं लागेल. पण आधी त्यांना फोन करा. बाकीचं सगळं नंतर.

आणि हो, प्रस्तावातली ती '... वेळा'ची रिकामी जागा. तुम्ही काय काय फोडलं होतंत?