प्ले स्टोरवरची ओपन सोर्स अ‍ॅप्स 'मुद्दाम लंगडी' असतात म्हणे!

इंदुरात रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत आपल्या मराठी ग्रुपांत एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो ते सॉफ्टवेअर. फॉरवर्डमधे म्हटलंय की प्ले स्टोर आणि अ‍ॅपल स्टोरवरची ओपन सोर्स अ‍ॅप्स बनवणारेच मुद्दाम लंगडी करतात, मग पूर्ण फीचरचे पैसे मागतात, ओपन सोर्सला पैसे घेणं हीच मुळात फसवणूक, आणि खरं अ‍ॅप पाहिजे तर सर्च करून कुठूनही एपीके (अँड्रॉइडवर टाकायची फाईल) उतरवा. यातलं थोडं खरं पण आहे, ते मधे सांगतोच.

'बनवणारेच फीचर काढतात.' भिया, टर्मक्सचं बघा. फोनवर लिनक्सची कमांड लाइन देणारं अ‍ॅप, म्हणजे आत पॅकेज उतरवायचे आणि चालवायचे हेच त्याचं काम. आता अँड्रॉइड 10 पासून नियम असा की त्या व्हर्जनला किंवा पुढच्याला टार्गेट केलेल्या (म्हणजे त्याच्या नियमांनी चालतो असं सांगणाऱ्या) अ‍ॅपने स्वतःच्या डेटा फोल्डरमधे उतरवलेली फाईल थेट चालवायची नाही, सिक्युरिटीसाठी, आणि नियम तसा वाईटही नाही. पण 2020 च्या नोव्हेंबरपासून प्ले स्टोरने सांगितलं की अपडेट द्यायचं तर तेच टार्गेट ठेवा, झालं, टर्मक्सचं प्ले स्टोरवरचं अपडेटच बंद पडलं. एफ-ड्रॉइड म्हणजे फक्त ओपन सोर्सचं फुकट स्टोर, तिथे टार्गेटची सक्ती नाही म्हणून तिथे जुनं टार्गेट ठेवून ते मजेत चालू राहिलं. 2024 मधे प्ले स्टोरवर पुन्हा वेगळा बिल्ड (तयार आवृत्ती) आला, पण त्याला बनवणारे स्वतःच प्रायोगिक म्हणतात.

नेक्स्टक्लाउडचं (आपल्या फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवायची सोय) तर अजून ताजं. फोनमधल्या सगळ्या फाइली आपल्या सर्व्हरवर चढवायला 'ऑल फाइल्स अ‍ॅक्सेस' नावाची परवानगी लागते, ती गूगलने काढून घेतली, मग प्ले स्टोरवाल्या अ‍ॅपमधून फक्त फोटो-व्हिडिओच चढायचे, पीडीएफ वगैरे नाही, आणि एफ-ड्रॉइडवालं तेव्हाही सगळं चढवत होतं. मे 2025 मधे त्यांनी जाहीर बोंब मारली तेव्हा कुठे परवानगी परत मिळाली. सिंकथिंगच्या (फोन-कॉम्प्युटरवर फाइली सारख्या ठेवणारं) अँड्रॉइड अ‍ॅपवाल्याने तर प्ले स्टोरच्या या कटकटीला कंटाळून 2024 च्या शेवटी कामच थांबवलं. सराफ्यात रात्री जिलेबीवाला ज्या ओट्यावर बसतो तो ओटा सोनाराचा, तिथे काय मांडायचं ते सोनार सांगणार, त्यात जिलेबीवाल्याने काय लपवलं?

'पूर्ण फीचरसाठी पैसे मागतात.' ही ती थोडी खरी गोष्ट. ऑस्मअँड या नकाशावाल्याच्या प्ले स्टोरवरच्या फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, एफ-ड्रॉइडवर ती मर्यादा नाही. हे बनवणाऱ्यांनीच ठरवलंय आणि लपवलेलंही नाही. पण सगळ्यांना याच माळेत ओवू नका. लिब्रेऑफिस (कागदपत्रं, हिशेब वगैरेचं सॉफ्टवेअर) मॅकच्या अ‍ॅप स्टोरवर 2022 मधे 8.99 युरोला आलं, त्यात जावा (काही भागांना लागणारं वेगळं सॉफ्टवेअर) नाही म्हणून बेसचे (डेटाबेसवाला भाग) काही कामं होत नाहीत. म्हणजे पैसे देऊन कमी मिळतं, उलटंच की! कारण बाहेरचं काही लागणारं सॉफ्टवेअर अ‍ॅपलच्या स्टोरमधे चालत नाही. आणि लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या साइटवर तेच फुकट पडलंय, जावा टाकायची मोकळीक ठेवून.

'ओपन सोर्सचे पैसे घेणं फसवणूक.' नाही. जीपीएलसारखं ओपन सोर्सचं लायसन्स विकायला मना करतच नाही, कोड द्या एवढंच म्हणतं. चित्रं काढायचं क्रिटा साइटवर फुकट, स्टीम या ऑनलाइन दुकानात पैशाने, तो पैसा पुढच्या कामात जातो. पटत नसेल तर साइटवरून घ्या, कोणी अडवलंय?

आणि हो, स्टोरवालं नेहमी कमीच असतं असंही नाही. अँटेनापॉडमधे क्रोमकास्टवर (टीव्हीला लावायचं गूगलचं यंत्र) पॉडकास्ट लावायची सोय प्ले स्टोरवाल्यात आहे, एफ-ड्रॉइडवाल्यात नाही, कारण त्याला गूगलची बंद लायब्ररी लागते आणि एफ-ड्रॉइड तसला माल घेत नाही.

'कुठूनही एपीके उतरवा.' हे मात्र सगळ्यात खतरनाक. कोड उघडा आहे म्हणजे कोणीही त्यात आपलं काहीतरी घुसवून त्याच नावाने, त्याच आयकॉनने एपीके बनवू शकतो, आणि पहिल्यांदा टाकताना फोन तुम्हाला सांगणार नाही की सही (बनवणाऱ्याची डिजिटल खूण) भलत्याची आहे. म्हणून प्रोजेक्टच्या साइटवर जी लिंक दिलीय तिथूनच, नाहीतर एफ-ड्रॉइडवरून. जेल रोडवरच्या दुकानदाराने पेन ड्राइव्हवरून टाकून दिलेलं तर अजिबात नाही, तो कितीही ओळखीचा असू दे.

प्ले स्टोरवालं काढून एफ-ड्रॉइडवालं घ्यायचंच असेल तर एक अडचण येते. एफ-ड्रॉइड बहुतेक अ‍ॅप स्वतः कोडवरून बनवतो आणि आपली सही लावतो, म्हणून प्ले स्टोरवाल्याच्या डोक्यावर ते अपडेटसारखं बसत नाही, आधी जुनं काढावं लागतं. टर्मक्सचे प्लगिनही (जोडीला टाकायचे भाग) मूळ अ‍ॅप जिथून घेतलं तिथूनच घ्यायचे, नाहीतर बसत नाहीत. आणि जुनं काढलं की त्याचं होम फोल्डर पण उडतं, स्क्रिप्टा वगैरे असतील तर त्या आधी बाहेर कॉपी करून ठेवा.